उमेदवारी की प्रयोगशाळा?

अमेरिकेत फार्मसी शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाटेत पहिली आडवी येते ती एक यादी. आपल्याकडे बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाले, प्रवेश परीक्षा दिली, की विद्यार्थी थेट डी. फार्म.ला किंवा बी. फार्म.ला जातो. अमेरिकेत सहसा तसे होत नाही. शाळा संपल्यावर आधी एखाद्या कॉलेजात निदान दोन वर्षे, पुष्कळ ठिकाणी तीन आणि बऱ्याचदा चारही वर्षे काढावी लागतात, ठरावीक विषय उत्तीर्ण व्हावे लागतात आणि मग फार्मसी कॉलेजच्या दारावर अर्ज घेऊन उभे राहता येते. तिथली चार वर्षे पुढे वेगळीच. या पूर्वतयारीच्या काळाला तिकडे 'प्री-फार्मसी' म्हणतात.

यादीत काय काय असते? सामान्य रसायनशास्त्र आणि सेंद्रिय रसायनशास्त्र, दोन्ही प्रयोगशाळेसह, जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, थोडे भौतिकशास्त्र, कलनशास्त्र आणि संख्याशास्त्र. इथपर्यंत कुणाला काही वाटत नाही. पण त्यापुढे इंग्रजी निबंधलेखन येते, अनेक ठिकाणी अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र येते आणि शेवटी चारचौघांत बोलण्याची कला हा विषयही येतो. आमच्याकडे चौकशीला येणारे विद्यार्थी इथे हमखास अडतात. "सर, फार्मसिस्टला भाषण कशाला करायचंय?" हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र आजच्या कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडत नाही, कारण ते इतिहासात आहे. अशा याद्या कोणी एका दिवसात बसून केलेल्या नसतात. त्यातला बहुतेक प्रत्येक विषय कधी ना कधी कोणाशी तरी भांडून आत आलेला असतो.

भांडणाचे मूळ एका साध्या प्रश्नात आहे. औषधे तयार करायला आणि द्यायला शिकायचे, तर सुरुवात कुठून करायची? दुकानाच्या फळीमागून, की प्रयोगशाळेतून?

फळीमागची चार वर्षे

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत या प्रश्नाला एकच उत्तर होते: दुकान. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा एखाद्या औषधविक्रेत्याकडे उमेदवार म्हणून राही. सकाळी दुकान झाडायचे, शेगडी पेटवायची, बाटल्या धुवायच्या. मग खल आणि बत्ता. मुळे, साली, बिया कुटायच्या, चाळायच्या, मद्यार्कात भिजत घालायच्या, अर्क गाळायचा. हात बसला की गोळ्या वळायच्या, मलमे घोटायची, कापडावर लेप पसरायचे. मालकाचे लक्ष असेल तर तो चार गोष्टी सांगे. नसेल तर मुलगा पाहून पाहून शिके. आपल्याकडे डॉक्टरांच्या दवाखान्यात मिश्रणाच्या बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवून देणारा कंपाउंडर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. तोही बहुधा असाच, हाताखाली राहून तयार झालेला असे.

ही पद्धत निव्वळ अडाणी होती असे समजण्याचे कारण नाही. कार्ल शेले हा रसायनशास्त्रज्ञ चौदाव्या वर्षी स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे औषधाच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला आणि जन्मभर औषधविक्रेताच राहिला. प्राणवायू त्याने प्रीस्टलीच्या बरोबरीने, स्वतंत्रपणे शोधला. क्लोरीन वायू १७७४ मध्ये प्रथम वेगळा केला तोही त्यानेच. अफूतून मॉर्फिन वेगळे काढणारा जर्मनीतला सेर्टर्नर हाही औषधाच्या दुकानातच तयार झाला. सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये क्विनीन काढणारे पेलेत्ये आणि काव्हाँतू हे पॅरिसमधले फार्मसिस्टच होते. म्हणजे दुकानाच्या मागच्या खोलीतून रसायनशास्त्र जन्माला येऊ शकत होते. पण शेलेसारखा एखादाच. बाकीच्या शेकडो मुलांच्या वाट्याला बाटल्या धुणेच येई.

अमेरिकेतले पहिले फार्मसी कॉलेज निघाले ते याच दुकानदारांनी काढलेले, आणि काहीसे रागाने. १८२१ च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने औषधविक्रेत्यांना फार्मसीची पदवी आपणच द्यायची, असे ठरवले. फिलाडेल्फियातले औषधविक्रेते बिथरले. आमचा धंदा कोणाला येतो आणि कोणाला नाही, हे डॉक्टर कोण ठरवणार? ६८ जण कार्पेंटर्स हॉल या प्रसिद्ध इमारतीत जमले आणि त्यांनी स्वतःचे कॉलेज स्थापन केले. तेच फिलाडेल्फिया कॉलेज ऑफ फार्मसी.

या कॉलेजचा वर्ग संध्याकाळी भरे, कारण दिवसा विद्यार्थी दुकानात असत. पदवी हवी असेल तर दोन हिवाळ्यांची व्याख्याने ऐकायची, एक प्रबंध लिहायचा आणि मुख्य म्हणजे चार वर्षांची उमेदवारी पुरी केल्याचा मालकाचा दाखला आणायचा. कॉलेज हे उमेदवारीला जोडलेले ठिगळ होते, तिची जागा घेणारी गोष्ट नव्हे. अमेरिकन फार्मसीचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते विल्यम प्रॉक्टर याच वाटेने आले. १८३१ मध्ये चौदाव्या वर्षी ते दुकानात लागले, १८३७ मध्ये पदवीधर झाले आणि १८४६ मध्ये त्याच कॉलेजात फार्मसीचे प्राध्यापक झाले. तोवर दिवसभर दुकान आणि रात्री व्याख्यान हा क्रम देशातल्या इतर शहरांतही रूढ झाला होता. पूर्वतयारी म्हणून कोणत्याही शाळेचे प्रमाणपत्र लागत नव्हते. लिहिता-वाचता येत असले, थोडे हिशेब आणि थोडे लॅटिन जमत असले, की पुरे.

ढेकूळ पाहून काय कळते?

या व्यवस्थेला धक्का बसला तो भेसळीमुळे. अमेरिकेत येणारी बरीच औषधी द्रव्ये परदेशातून येत आणि युरोपात न खपलेला हलका माल बोटीत भरून पाठवला जाई. १८४८ मध्ये अशा मालाची बंदरातच तपासणी करण्याचा कायदा झाला. मग तपासणीसाठी दर्जा कोणता धरायचा, असा वाद उपस्थित झाला आणि त्याच वादातून १८५२ मध्ये अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशन ही देशव्यापी संघटना निघाली.

इथे थोडे थांबून शिक्षकांनी विद्यार्थ्यांना विचारावा असा एक प्रश्न आहे. अफूची दोन ढेकळे समोर ठेवली आहेत. रंग सारखा, वास सारखा, चव सारखीच कडू. एकात दहा टक्के मॉर्फिन आहे आणि दुसऱ्यात चार टक्केही नाही. चार वर्षे उमेदवारी केलेला मुलगा यातले चांगले कोणते ते कसे ओळखणार? नाक, जीभ आणि डोळे ही त्याची उपकरणे. ती भुसा ओळखतील, वाळू ओळखतील, शिळेपणाही ओळखतील. पण मॉर्फिनचे प्रमाण ती सांगू शकत नाहीत. आणि डॉक्टरने लिहून दिलेली मात्रा पहिल्या ढेकळातून दिली काय आणि दुसऱ्यातून दिली काय, यात रोग्याच्या दृष्टीने अडीचपट फरक आहे.

प्रयोगशाळा मात्र ते सांगू शकते. मॉर्फिन, क्विनीन, कुचल्यातले स्ट्रिक्निन ही सारी द्रव्ये अल्कलॉइड, म्हणजे अल्कधर्मी आहेत. आम्लाशी त्यांचा क्षार बनतो आणि तो पाण्यात विरघळतो. अशा द्रावणात अल्कली घातली की मूळ द्रव्य मोकळे होते. ते पाण्यात फारसे राहत नाही. काही वेळा साका होऊन खाली बसते, काही वेळा ईथर किंवा क्लोरोफॉर्ममध्ये उतरते. हा आम्ल आणि अल्कलीचा खेळ दोन-तीनदा केला की डिंक, राळ, रंगद्रव्ये मागे राहतात आणि हवे ते अल्कलॉइड हाती येते. ते वाळवायचे आणि तराजूत तोलायचे. कृती सांगायला सोपी आहे. पण ती करणाऱ्याला आम्ल, अल्कली, विद्राव्यता आणि तोलण्यातल्या चुका यांची जाण हवी, आणि ती बाटल्या धुऊन येत नाही.

हे ज्यांना नीट कळले होते ते गृहस्थ औषधविक्रेते नव्हतेच. अल्बर्ट प्रेस्कॉट यांचा जन्म १८३२ चा. मिशिगन विद्यापीठातून ते १८६४ मध्ये डॉक्टर झाले, यादवी युद्धात सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून राहिले आणि परत येऊन विद्यापीठाच्या रसायन प्रयोगशाळेत शिकवू लागले. मिशिगनला १८५६ पासून रसायनशास्त्रासाठी स्वतंत्र प्रयोगशाळेची इमारत होती. त्या काळात ही चैन फार थोड्यांना परवडत होती. याच इमारतीत १८६८ मध्ये फार्मसीचा अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यार्थी पूर्ण वेळ, वर्ग दिवसा, बराचसा वेळ हाताने विश्लेषण करण्यात. आणि उमेदवारीची अट नाही! दुकानात एक दिवसही न घालवलेला मुलगा इथून फार्मसीची पदवी घेऊन बाहेर पडू शकत होता.

१८७१ मध्ये सेंट लुइस येथे असोसिएशनचे अधिवेशन भरले. प्रेस्कॉट मिशिगनचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि त्यांचे प्रतिनिधित्व नाकारण्यात आले. मिशिगनचा विभाग औषधविक्रेत्यांच्या संस्थेने चालवलेला नाही आणि उमेदवारीही मागत नाही, तेव्हा ते फार्मसी कॉलेजच नव्हे, असा निर्णय झाला.

प्रेस्कॉट यांचे म्हणणे असे होते: उमेदवारी हे शिक्षण आहे असे आपण मानतो, पण मालक शिकवतो का? त्याला वेळ आहे का? त्याला स्वतःला रसायनशास्त्र येते का? व्यवसायाचा सराव आवश्यक आहेच, पण तो पाया घातल्यानंतर. विज्ञान आधी, दुकान मागाहून. वैद्यकाचा विद्यार्थी आधी शरीररचना शिकतो आणि मग रोगी तपासतो. मग फार्मसीच्याच विद्यार्थ्याने उलटा प्रवास का करावा?

विरोधकांची बाजूही आम्हाला नीट मांडली पाहिजे. त्यांचे भय असे की, पुस्तकी पंडित दुकानात उभा राहील आणि घाईच्या वेळी चुकीच्या बरणीला हात घालील. विषारी द्रव्यांच्या बरण्या ज्या धंद्यात हाताशी असतात, तिथे ही भीती पोकळ नव्हती. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी उघड फारशी बोलून दाखवली नाही. उमेदवार म्हणजे स्वस्त मजूर. तो दिवसा विद्यापीठात जाऊन बसला तर बाटल्या कोण धुणार?

मिशिगनमध्ये १८७६ मध्ये फार्मसीची स्वतंत्र शाळा झाली आणि प्रेस्कॉट तिचे पहिले डीन झाले. १८८६ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. ज्या असोसिएशनने त्यांना दारातून परत पाठवले तिचेही अध्यक्षपद पुढे त्यांच्याकडे आले. १९०० मध्ये रिचमंड येथे फार्मसी शिक्षकांची परिषद स्थापन झाली, तिचेही पहिले अध्यक्ष तेच. पण यावरून भांडण लगेच मिटले असे मात्र समजू नये.

फिलाडेल्फियाचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण. या कॉलेजची पहिली महिला पदवीधर सुझन हेहर्स्ट १८८३ मध्ये बाहेर पडली तेव्हा तिचे वय ६३ वर्षांचे होते. ती १८५७ मध्येच डॉक्टर झालेली होती आणि १८७६ पासून तिथल्या स्त्रियांच्या रुग्णालयातला औषध विभाग सांभाळत होती. काम येत होतेच. पण आपल्या हाताखाली मुली तयार करायच्या तर शिक्षण रीतसर हवे, म्हणून या वयात ती वर्गात जाऊन बसली. त्याच वर्षी, त्याच शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. हे रुग्णालय त्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींचे शिकण्याचे ठिकाण होते. फिलाडेल्फियाचा हा काळ आपण आनंदीबाईंच्या बाजूने अनेकदा वाचलेला असतो. औषधाच्या खिडकीमागच्या या बाईंकडे सहसा आपले लक्ष जात नाही.

वर्षे वाढत गेली

विसाव्या शतकात कायदा प्रेस्कॉट यांच्या बाजूने सरकू लागला. १९०५ पासून न्यूयॉर्क राज्याने फार्मसीचा परवाना देण्यासाठी कॉलेजची पदवी सक्तीची केली. त्याच वर्षी प्रेस्कॉट वारले. तोपर्यंत बहुतेक राज्यांत परीक्षा दिली की परवाना मिळे, कॉलेजचे तोंड पाहिले नसले तरी चाले.

मग अभ्यासक्रम किती वर्षांचा, यावर ओढाताण सुरू झाली. विस्कॉन्सिन विद्यापीठात एडवर्ड क्रेमर्स यांनी १८९२ मध्येच चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला होता; पण तो ऐच्छिक होता आणि त्या वाटेला जाणारे मोजकेच. किमान अट १९०७ मध्ये दोन वर्षे झाली, १९२५ मध्ये तीन आणि १९३२ मध्ये चार. प्रत्येक पायरीवर तीच ती तक्रार ऐकू येई: वर्षे वाढली तर गरीब घरची मुले येणार नाहीत. ही तक्रार खरी होती. उमेदवाराला पगार नसला तरी निदान जेवण आणि छप्पर मिळे. कॉलेजच्या विद्यार्थ्याला उलट पदरचे पैसे मोजावे लागतात.

दरम्यान १९१५ मध्ये एक बोचरा प्रसंग घडला. अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१० मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाचे वाभाडे काढणारा अहवाल लिहिला होता आणि त्याच्या दणक्याने अनेक वैद्यकीय कॉलेजे बंद पडत होती. हे फ्लेक्सनर बाल्टिमोर येथे समाजकार्यावर व्याख्यान द्यायला गेले. समाजकार्य हा 'प्रोफेशन' या पदवीला पात्र आहे का, हा विषय. ओघात त्यांनी फार्मसीचे उदाहरण घेतले आणि ती प्रोफेशन नाही, असे सांगून टाकले. त्यांचे कारण असे: विचार डॉक्टर करतो, निर्णय डॉक्टर घेतो, जबाबदारी डॉक्टरची, फार्मसिस्ट त्याची आज्ञा पाळतो. व्याख्यान दुसऱ्याच विषयावर होते, पण फार्मसीच्या शिक्षकांना ते वाक्य पुढे कित्येक वर्षे सलत राहिले. आमच्या मते त्याने चांगलेच केले. अभ्यासक्रमात काय घालायचे यापेक्षा, शिकलेल्या माणसाने नेमके काय ठरवायचे, हा प्रश्न त्याने पुढे आणला.

निव्वळ रसायनशास्त्र पुरत नाही, हे १९३७ मध्ये फार भयंकर रीतीने दिसले. सल्फानिलअमाइड हे जंतुनाशक औषध नुकतेच आले होते. ते पाण्यात नीट विरघळत नाही. टेनेसीतल्या एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. द्रावण स्वच्छ झाले, चवीला गोड आणि रंगाने सुरेख झाले. रसायनाच्या दृष्टीने काम चोख होते. पण हा द्रव मूत्रपिंडे निकामी करतो, हे कोणी तपासून पाहिलेच नव्हते. शंभरावर माणसे दगावली, त्यांत पुष्कळ मुले होती. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवण्याची सक्ती करणारा कायदा झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये १४ रुग्ण गेले ते ग्लिसरीनमध्ये आलेल्या याच द्रवामुळे, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. शरीरक्रियाशास्त्राचा तास यादीत कशाला, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला ही दोन उदाहरणे सांगावीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॉलेजे सैन्यातून परतलेल्या तरुणांनी भरून गेली आणि फार्मसी शिक्षणाची एक मोठी पाहणी हाती घेण्यात आली. पर्ड्यू विद्यापीठाचे माजी अध्यक्ष एडवर्ड एलियट १९४६ ते १९४९ या काळात तिचे प्रमुख होते. त्यांच्या अहवालाने सहा वर्षांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिफारस केली: दोन वर्षे सर्वसाधारण कॉलेज शिक्षण आणि मग चार वर्षे फार्मसी. कॉलेजांना हे झेपणारे नव्हते. अखेर तडजोड होऊन पाच वर्षे ठरली आणि १९६० पासून ती लागू झाली. आता या पाचांतली किती वर्षे फार्मसी कॉलेजबाहेर काढायची? काहींनी एक ठेवले, काहींनी दोन. प्री-फार्मसी हा आज सर्वांच्या तोंडी असलेला प्रकार अशा रीतीने देशभर रुळला. त्यामागे उदात्त हेतू होता, तसा व्यवहारही. गावातल्या छोट्या कॉलेजात राहून पहिली दोन वर्षे स्वस्तात करता येत. आणि ज्यांना रसायनशास्त्र पेलत नाही ते तिथेच गळून जात, फार्मसी कॉलेजची महागडी जागा अडवत नसत.

बोलू नका, असा नियम

आता भाषणाच्या विषयाकडे येऊ. वर्षे वाढत असतानाच दुकानातले काम मात्र आटत चालले होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत चारपैकी सुमारे तीन प्रिस्क्रिप्शनांत फार्मसिस्टला स्वतः काहीतरी घोटावे, मिसळावे लागे. १९५० च्या सुमारास हे प्रमाण चारात एकावर आले, १९६० मध्ये शंभरात चारावर आणि १९७० मध्ये शंभरात एकावर. कारखान्यातून आलेल्या मोठ्या बाटलीतल्या गोळ्या मोजून छोट्या बाटलीत भरायच्या आणि लेबल लावायचे, एवढेच काम उरले. पाच वर्षे शिकलेला माणूस गोळ्या मोजत बसला!

मग रोग्याला निदान चार शब्द सांगावेत की नाही? इथे गंमत आहे. असोसिएशनच्या १९५२ च्या आचारसंहितेत असा नियम होता की, प्रिस्क्रिप्शनमधल्या औषधात काय आहे आणि त्याचा परिणाम काय होतो याची चर्चा फार्मसिस्टने रोग्याशी करू नये. विचारले तर डॉक्टरकडे जायला सांगावे. म्हणजे ज्ञान असणे चालेल, ते बोलून दाखवणे चालणार नाही. फ्लेक्सनर यांचे म्हणणे व्यवसायाने जणू स्वतःच लिहून दिले होते.

व्हर्जिनिया राज्यातल्या बेरीव्हिल या लहान गावात यूजीन व्हाइट नावाचे एक फार्मसिस्ट होते. १९६० मध्ये त्यांनी आपल्या दुकानातला सोड्याचा आणि आइस्क्रीमचा कट्टा काढून टाकला, सौंदर्यप्रसाधने, खेळणी वगैरे माल काढून टाकला आणि दुकानाला दवाखान्याच्या बैठकीचे रूप दिले. प्रत्येक कुटुंबाचे एक कार्ड त्यांनी केले. घरातला कोण कोणती औषधे घेतो, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, हे त्यावर लिहिलेले असे. दोन डॉक्टरांनी एकाच माणसाला दिलेली, एकमेकांशी न जुळणारी औषधे कार्डावर लगेच दिसत. अशी नोंद ठेवायची तर माणसाशी बोलावेच लागते. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढले नाही, पण कट्ट्याचे उत्पन्न सोडून द्यायला तयार होणारे फार थोडे निघाले.

१९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात नवव्या मजल्यावर आणखी एक प्रयोग झाला. फार्मसिस्ट तळघरातल्या औषधखान्यातून उठून वॉर्डात आले. डॉक्टर आणि परिचारिकांबरोबर राहून मात्रा, परस्परविरोध, दुष्परिणाम यांची माहिती देऊ लागले. क्लिनिकल फार्मसी म्हणून आज जे शिकवतात त्याची ही एक महत्त्वाची सुरुवात. तिथले एक प्राध्यापक जेरी गोयन १९७९ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचे प्रमुख झाले. त्या पदावर आलेले ते पहिले फार्मसिस्ट होते.

आचारसंहितेतला मौनाचा नियम १९६९ मध्ये गेला. १९९० च्या एका कायद्याने तर गाडी उलट दिशेला वळवली. सरकारी मदतीवर औषधे घेणाऱ्या रुग्णांना फार्मसिस्टने आपणहून समजावून सांगण्याची तयारी दाखवलीच पाहिजे, असे १९९३ पासून बंधनकारक झाले आणि बहुतेक राज्यांनी ते सर्वच रुग्णांना लागू केले. १९५२ मध्ये जे बोलणे निषिद्ध होते ते चार दशकांत कर्तव्य झाले. यादीतल्या त्या विचित्र विषयाचा उगम इथे आहे. समोरच्या माणसाला, तो घाबरलेला असताना, रक्त पातळ करणारी गोळी आणि ॲस्पिरिन एकत्र का घेऊ नये हे दोन मिनिटांत सांगता आले पाहिजे. आमच्या वर्गातले उत्तम गुणांचे विद्यार्थी प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत अडखळतात ते पाहता, हा विषय आपल्याकडेही असता तर बरे झाले असते, असे आम्हाला अनेकदा वाटून जाते.

सहा वर्षे, आणि आपण

पुढचा भाग थोडक्यात सांगता येईल. फार्म. डी. ही पदवी प्राथमिक व्यावसायिक पदवी म्हणून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५० मध्येच सुरू केली होती. एलियट यांची सहा वर्षांची शिफारस चाळीस वर्षे पडून राहिली आणि १९९२ मध्ये कॉलेजांच्या परिषदेने ती स्वीकारली. २००० पासून नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी फार्म. डी. हीच एकमेव मान्य पदवी ठरली. पाच वर्षांची जुनी पदवी हळूहळू बंद झाली. प्रवेशासाठी १९७४ पासून एक सामायिक परीक्षा घेतली जात होती. कॉलेजांची संख्या वाढली, अर्ज घटले, एकेका कॉलेजाने ती परीक्षा मागणे सोडले आणि जानेवारी २०२४ मध्ये ती बंदच झाली.

याचा महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांशी संबंध आहे, आणि तो चांगलाच खर्चाचा आहे. आपल्याकडचे अनेक बी. फार्म. पदवीधर पूर्वी अमेरिकेत जाऊन समकक्षता परीक्षा देत आणि परवाना मिळवत. तिकडच्या मंडळाने २००३ पासून पदवी घेणाऱ्या परदेशी उमेदवारांसाठी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची अट घातली. आपली बी. फार्म. चार वर्षांची. ती वाट त्या दिवशी बंद झाली. आपल्या फार्मसी कौन्सिलने २००८ मध्ये सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम आणला, पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात. पण आपण त्यात प्री-फार्मसी ठेवली नाही. बारावीचा विद्यार्थी थेट आत येतो. आपल्या अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रावर केवढा विश्वास आपण टाकला आहे, हे आमच्या शिक्षक वाचकांना वेगळे सांगायला नको.

लांबलेल्या वाटेची किंमत अमेरिकेतही मोजली जातेच. सहा ते आठ वर्षांचा खर्च कर्जावर भागवायचा आणि शेवटी साखळी दुकानात गोळ्यांच्या बाटल्या भरायच्या, असे ज्यांच्या नशिबी येते ते तक्रार करतात. १९२५ मधल्या तक्रारीत आणि या तक्रारीत फारसा फरक आम्हाला दिसत नाही. रसायनशास्त्राबद्दल प्रेस्कॉट बरोबर होते याविषयी शंका नाही; पण त्यांच्या मागोमाग आलेल्या प्रत्येक वाढीव वर्षाबद्दल आम्ही तितक्या खात्रीने बोलू शकणार नाही.

आणि उमेदवारीचे काय झाले? ती परत आली आहे. अमेरिकेत मान्यता देणाऱ्या मंडळाच्या मानकांनुसार विद्यार्थ्याला सुरुवातीच्या वर्षांत ३०० तास आणि शेवटच्या वर्षी किमान १,४४० तास दुकानात आणि रुग्णालयात, अनुभवी फार्मसिस्टच्या हाताखाली काढावे लागतात. शेवटचे अख्खे वर्ष त्यात जाते. एवढेच नव्हे, प्री-फार्मसीच्या विद्यार्थ्याला सल्लागार मंडळी सांगतात की अर्ज करण्यापूर्वी सुटीत एखाद्या औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून काम करून पाहा. निवड करताना ते पाहिले जाते. सेंट लुइसच्या अधिवेशनातल्या मंडळींना हे ऐकून समाधान वाटले असते. फक्त बाटल्या आता धुवाव्या लागत नाहीत. त्या कारखान्यातून स्वच्छ होऊनच येतात.